दाखला देणाराच कामाचा धनी

भारतीय रेल्वे बोर्डाचा १९०५ सालचा कायदा रद्द करून त्यातील तरतुदी १९८९ च्या रेल्वे कायद्यात सामावून घेणारे विधेयक लोकसभेने डिसेंबर २०२४ मध्ये आणि राज्यसभेने १० मार्च २०२५ रोजी संमत केले. दोन्ही सभागृहांतील चर्चा बरीच लांबली. खासगीकरणाची भीती व्यक्त झाली, मतदारसंघांतील थांब्यांची आणि बंद पडलेल्या गाड्यांची गाऱ्हाणी मांडली गेली, विरोधकांनी अपघातांची यादी वाचली आणि सरकारने रूळ बदलल्याचे व ‘कवच’ बसविल्याचे आकडे पुढे केले. इंग्रजी अमदानीत उभा राहिलेला सांगाडा एका कायद्यातून उचलून दुसऱ्या कायद्यात ठेवला गेला, इतकेच. रेल्वेच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा त्यातून निर्माण झाली नाही. आणि सिग्नलच्या रिले रूमचे कुलूप उघडून तारांना हात लावणारा माणूस त्या कामास पात्र आहे, हे ठरविण्याचा अधिकार होता त्याच हातांत राहिला.

रेल्वेत या पात्रतेच्या कागदाला ‘कॉम्पिटन्सी सर्टिफिकेट’ म्हणतात. राजभाषेच्या फलकावर ते ‘सक्षमता प्रमाणपत्र’ होते. स्टेशन मास्तर, लोको पायलट, फाटकावरचा गेटमन, सांधेवाला, सिग्नल मेंटेनर या सर्वांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. स्टेशन मास्तरला तो ज्या पद्धतीच्या पॅनलवर बसणार त्या पद्धतीचे आणि त्या स्थानकाच्या कार्यनियमांचे ज्ञान असल्याची नोंद करून द्यावी लागते. लोको पायलटने मार्ग शिकल्याची सही केल्याशिवाय त्याला त्या मार्गावर गाडी देता येत नाही. सिग्नल मेंटेनरच्या बाबतीत कोणत्या उपकरणांवर त्याने काम करावे हे लिहिलेले असते. त्याच्या जोडीला ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी आणि उजळणी प्रशिक्षण असते. सिग्नल खात्याची मातृसंस्था असलेली सिकंदराबादची इरिसेट १९५७ पासून आहे, मध्य रेल्वेची प्रशिक्षण संस्था भुसावळला आहे. अभ्यासक्रम आहेत, नियमावल्या आहेत, नोंदवह्या आहेत. कागदावर पाहिले तर यात उणे काढण्यास जागा नाही.

तरीही २ जून २०२३ रोजी सायंकाळी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला तेव्हा सांधा लूप लाइनकडे वळलेला होता, आणि त्या लूप लाइनवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यांवर गेले. राज्यसभेतील लेखी उत्तरात मृतांचा आकडा २९५ देण्यात आला. चालकाने सिग्नल ओलांडला नव्हता, वेगमर्यादा मोडली नव्हती. ज्या यंत्रणेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे त्याला शिकविले गेले होते, तिनेच खोटी साक्ष दिली.

इंटरलॉकिंगचे सारे तत्त्वज्ञान एका वाक्यात सांगता येते: सांधा ज्या दिशेला आहे त्याच्याशी विसंगत सिग्नल मिळूच नये. त्यासाठी सांध्याची खरी स्थिती तारांमधून सिग्नलपर्यंत पोहोचावी लागते. दक्षिण-पूर्व मंडळाच्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी आपल्या अहवालात या तारांचाच इतिहास मांडला. स्थानकाच्या उत्तरेकडील सिग्नल गुमटीत २०१८ मध्ये सर्किटमध्ये बदल केला गेला. तो आराखड्यात आणि टर्मिनलवरील अक्षरांत उतरविला गेला नाही. पुढे ९४ क्रमांकाच्या फाटकावरील विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम निघाले तेव्हा त्या स्थानकासाठी मंजूर झालेला स्वतंत्र सर्किट आराखडा कामावर असलेल्यांना दिला गेला नव्हता. पर्यवेक्षकांनी हाताशी असलेल्या आराखड्यात स्वतः फेरफार करून काम उरकले. चुकीच्या अक्षरांवर विसंबून चुकीच्या तारा जोडल्या गेल्या आणि वळलेला सांधा सरळ असल्याची खबर सिग्नलला मिळत राहिली. हे काम करणारे रोजंदारीवरचे मजूर नव्हते. रेल्वेचे नियमित अभियंते आणि तंत्रज्ञ होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने जुलै २०२३ मध्ये तिघांना अटक केली, ते तिघेही विभागातील अभियंता आणि तंत्रज्ञ दर्जाचे. सदोष मनुष्यवधाचे आणि पुरावा नष्ट केल्याचे कलम त्यांच्यावर लागले.

या अहवालातील एक परिच्छेद रेल्वे भवनाला अधिक अडचणीचा आहे. त्याच दक्षिण-पूर्व रेल्वेच्या खडगपूर विभागात, बांकरानयाबाज स्थानकात १६ मे २०२२ रोजी सिग्नलने दाखविलेला मार्ग आणि गाडीने घेतलेला मार्ग यांत तफावत आढळली होती. कारण तेच, चुकीची तारजोडणी. त्या वेळी दुरुस्तीचे उपाय झाले असते तर बाहानग्याचा अपघात घडला नसता, असे आयुक्तांनी स्पष्टपणे नोंदविले. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकातील होसदुर्ग रोड स्थानकात संपर्क क्रांती एक्स्प्रेसच्या लोको पायलटला सांधा भलत्याच मार्गाला लागलेला दिसला आणि त्याने गाडी थांबविली म्हणून अनर्थ टळला. इंटरलॉकिंगला बगल देऊन काम होत असल्याचा इशारा दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या प्रधान मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी लगोलग पत्राने दिला. एप्रिल २०२३ च्या प्रारंभी खुद्द रेल्वे बोर्डाने सर्व महाव्यवस्थापकांना कळविले की, निरनिराळ्या विभागांत सिग्नल कर्मचारी पुरेशी चाचणी न करता यंत्रणा पुन्हा जोडत आहेत आणि हे नियमपुस्तिकेचे उल्लंघन आहे. बाहानग्याला अजून दोन महिने अवकाश होता. म्हणजे रोग माहीत होता. पत्र गेले, पत्राची पोच आली, आणि काम येरे माझ्या मागल्या चालू राहिले.

यातील ग्यानबाची मेख अशी की, प्रमाणपत्र देणारा अधिकारी आणि कामाचा धनी एकच आहे. सिग्नल मेंटेनरची पात्रता त्याच्या खात्याचाच अधिकारी तपासतो. त्याच अधिकाऱ्याकडून वरचे लोक सिग्नलमधील बिघाडांचा, गाड्यांच्या वक्तशीरपणाचा आणि अपुऱ्या मनुष्यबळात काम भागविण्याचा हिशेब मागतात. एखाद्याला नापास केले तर त्याची पाळी कोण करणार, हा प्रश्न त्याला उत्तरपत्रिका तपासतानाच भेडसावतो. घरचेच परीक्षार्थी आणि घरचेच परीक्षक असले की परीक्षेचे जे होते ते येथेही होते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण हा ज्ञानाच्या तपासणीचा प्रसंग न राहता मुदत संपण्यापूर्वी फाइल पूर्ण करण्याचा सोपस्कार होतो.

आणि ज्ञान असूनही ते वापरण्याची मोकळीक किती? नियम सांगतो की सिग्नलच्या उपकरणाला हात लावण्यापूर्वी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यावा, त्याने तो स्वीकारून सही करावी, तेवढा वेळ ते उपकरण बंद समजून गाड्या हळू आणि कागदी अधिकारपत्रावर चालवाव्यात, काम झाल्यावर चाचणी घेऊन मगच जोडणीचा मेमो द्यावा. कामाच्या ठिकाणी काय होते? गाडी मागे उभी असते, नियंत्रण कक्षाचा फोन वाजत असतो, स्टेशन मास्तरला आपल्या नावावर खोळंबा नको असतो. मेमो घेण्यास टाळाटाळ होते. पाच मिनिटांचे तर काम आहे, करून टाका, असा सल्ला मिळतो. अशा वेळी मेंटेनरच्या खिशातील प्रमाणपत्र त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ देत नाही. अपघात झाला की मात्र तेच प्रमाणपत्र त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरते: तुला नियम ठाऊक होता, तशी तुझी सही आहे. रेल्वे कायद्याच्या १७५ व्या कलमाखाली प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला पात्र ठरविणाऱ्याच्या सहीचे काय, याविषयी ते कलम गप्प आहे.

याच देशातील दोन धोकादायक उद्योगांत हा प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडविला गेला आहे. कोळसा खाणीतील सरदार, ओव्हरमन, सुरुंग उडविणारा शॉटफायरर आणि मॅनेजर यांना सक्षमतेचे प्रमाणपत्र खाण कंपनी देत नाही. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीतील परीक्षा मंडळ देते. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा परवाना विमान कंपनीचा नसतो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा असतो. त्याच्या सहीवाचून विमान उड्डाणासाठी मोकळे होत नाही, आणि कंपनीने दटावले म्हणून त्याने सही केली तर परवाना त्याचा जातो. त्यामुळे नकार देणे त्याच्याही हिताचे ठरते.

गंमत म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची संघटना रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रशासकीय छत्राखाली आहे. गाड्या चालविणारा आणि त्यांची तपासणी करणारा वेगळा असावा, हे तत्त्व १९४१ मध्ये मान्य होऊन रेल्वे निरीक्षकांना बोर्डापासून तोडले गेले आणि तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे सोपविले गेले. त्याचा हा वारसा. परंतु आयुक्तांचे अधिकार नवे मार्ग तपासून खुले करणे, वेळोवेळी पाहणी करणे आणि अपघातानंतर चौकशी करणे एवढ्यावर थांबतात. माणसाला प्रमाणपत्र देण्याची वा देणाऱ्याचे कान धरण्याची तरतूद त्यांच्यापाशी नाही. त्यांच्या शिफारशी रेल्वे बोर्डाकडे जातात. त्या मानायच्या की नाहीत, हे बोर्ड ठरविते.

ब्रिटनला हा धडा एका तारेने शिकविला. १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्या एकमेकींवर आदळून ३५ प्रवासी ठार झाले. नवी सिग्नल जोडणी करताना जुनी तार कापून, गुंडाळून बाजूला केली गेली नव्हती. ती पुन्हा टर्मिनलला टेकली आणि जो सिग्नल लाल असायला हवा होता तो तसा राहिला नाही. न्यायमूर्ती हिडन यांच्या चौकशीत निष्पन्न झाले ते एका तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणापुरते नव्हते. कामाची चुकीची सवय त्याला वर्षानुवर्षे होती आणि ती कोणी दुरुस्त केली नव्हती. आधीच्या तेरा आठवड्यांत त्याला एकच सुटी मिळाली होती. तारा मोजून पाहण्याची स्वतंत्र तपासणी झाली नव्हती. खटला तंत्रज्ञावर न होता ब्रिटिश रेलवर झाला आणि १९९१ मध्ये तिला अडीच लाख पौंड दंड झाला. त्यानंतर कामाच्या तासांवर मर्यादा आल्या, आणि सिग्नलचा आराखडा करणारा, तारा जोडणारा, चाचणी घेणारा, देखभाल करणारा अशा प्रत्येकासाठी रेल्वे सिग्नल अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेने १९९० च्या दशकात परवाना पद्धत सुरू केली. बाहानग्याच्या अहवालात बदललेल्या सर्किटची चाचणी घेण्यासाठी वेगळे पथक असावे, अशी शिफारस आहे. क्लॅपहॅमनंतर साडेतीन दशकांनी आपण तेथे पोहोचलो, तेही शिफारशीच्या रूपात.

स्वतंत्र नियामकाची कल्पना दिल्लीला नवीन नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल देताना पाच वर्षांत एक लाख कोटी रुपयांच्या खर्चाची गरज सांगितली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियम करणे, गाड्या चालविणे आणि सुरक्षेवर नजर ठेवणे ही तिन्ही कामे एकाच बोर्डाकडे असण्यावर बोट ठेवले. सरकारपासून अंतर राखणारे वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवे, ही तिची मागणी. तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी १४ मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पी भाषणात ती स्वीकारलीही. पण त्याच भाषणात भाडेवाढ होती, तिच्यावरून ममता बॅनर्जी संतापल्या आणि चार दिवसांत त्रिवेदींचे मंत्रिपद गेले. भाडेवाढीचा बराचसा भाग मागे घेतला गेला. प्राधिकरण मागे घेण्याची वेळच आली नाही, कारण त्याचा नंतर कोणी पाठपुरावा केला नाही. आघाडीच्या राजकारणात एका मंत्र्याचा बळी गेला हे सर्वांना आठवते. त्याबरोबर काय गेले, याचा उल्लेख क्वचित होतो. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही उरला नाही. मुंबई आणि दिल्लीतले सरकार कोणत्याही पक्षाचे असो, वर्षातून एक दिवस संपूर्ण सभागृह रेल्वेकडे पाहत असे, तो दिवस गेला.

पैसा मात्र आला. २०१७-१८ पासून राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष निघाला, पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा. महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात या कोषातून भांडीकुंडी आणि पाय चोळण्याच्या यंत्रांची खरेदी झाल्याचे दाखवून दिले तेव्हा थोडी करमणूक झाली. रूळ बदलले गेले, मानवरहित फाटके गेली, हे खरे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मे २०२३ अखेर ६,४२७ स्थानकांवर विजेवरचे वा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. यंत्रे बदलण्याच्या या वेगाशी माणसे तयार करण्याचा वेग जुळला का, हे पाहणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

१७ जून २०२४ रोजी रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. त्याच दिवशी रेल्वेच्या वरिष्ठांनी मालगाडीच्या मृत चालकावर दोष ठेवला. महिन्याभरात आलेल्या मुख्य सुरक्षा आयुक्तांच्या प्राथमिक अहवालाने चित्र पालटले. त्या पट्ट्यात २०२३ मध्येच स्वयंचलित सिग्नल आले होते. पहाटेपासून ते नादुरुस्त होते. स्टेशनवरून दिलेले कागदी अधिकारपत्र योग्य नव्हते आणि त्यात वेगमर्यादा नमूद नव्हती. त्या सकाळी असे अधिकारपत्र मिळालेल्या सात गाड्यांपैकी केवळ कांचनजंगा एक्स्प्रेसने ताशी १५ किलोमीटरचा नियम पाळला. सातांपैकी सहा चालकांना नियमाचा अर्थ लागत नसेल तर तो चालकांचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. आयुक्तांनी चालक आणि स्टेशन मास्तर यांचे समुपदेशन अपुरे असल्याचे म्हटले आणि हा अपघात जणू वाटच पाहत होता, असा शेरा मारला. त्या सर्वांजवळ सक्षमतेचे कागद असणारच, कारण ते नसते तर ते त्या पाळीवर बसूच शकले नसते.

बिलासपूरजवळ ४ नोव्हेंबर २०२५ रोजी मेमू गाडी उभ्या मालगाडीवर आदळली, त्या प्रकरणाने याच्याही पुढची पायरी दाखविली. प्राथमिक चौकशीनुसार मेमूचा चालक अशा गाडीसाठी लागणाऱ्या मानसशास्त्रीय चाचणीत अनुत्तीर्ण होता आणि तरीही त्याला ती गाडी सोपविण्यात आली होती. तोही त्यात गेला.

कर्मचारी संघटना या विषयाकडे संशयाने पाहतात आणि त्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. बाहेरचा परीक्षक आला की पहिली कुऱ्हाड खालच्या माणसावर पडेल, ही भीती आहे. जून २०२३ मध्ये माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार रेल्वेतील पावणेतीन लाखांच्या आसपास पदे रिकामी होती आणि त्यांतील पावणेदोन लाखांहून अधिक सुरक्षा प्रवर्गातील होती. नंतर सहायक लोको पायलटांच्या भरतीचा आकडा २०२४ मध्ये १८,७९९ पर्यंत वाढविला गेला; सिग्नलच्या मेंटेनरांकडे तितके लक्ष गेलेले नाही. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगाव यांच्यामध्ये सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मरण पावले. त्यांत निरीक्षक होता, मेंटेनर होता आणि मदतनीस होता. रुळांवर काम करणाऱ्यांसाठी गाडीवर नजर ठेवणारा वेगळा माणूस हवा, हे नियम जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही. पण माणसेच मोजकी असली की प्रत्येक जण हत्यार हातात घेतो. दिवसाची पाळी संपवून रात्री बिघाडाच्या हाकेला धावणाऱ्या मेंटेनरची पात्रता त्या क्षणी किती उरते, हे कोणत्याही लेखी परीक्षेत कळणारे नाही. म्हणून प्रमाणपत्राबरोबर कामाचे तास आणि विश्रांती यांचीही नोंद बाहेरच्या नजरेखाली आली पाहिजे. क्लॅपहॅमनंतर इंग्रजांनी या दोन्ही गोष्टींना एकत्र हात घातला, तो उगीच नव्हे.

रेल्वे भवनातील जाणकारांचा आक्षेप असा असू शकतो की, प्रत्येक स्थानकाचे सर्किट वेगळे. बाहेरच्या परीक्षकाला त्यातले काय कळणार? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. स्थानिक यंत्रणेचे ज्ञान विभागानेच तपासावे. मूळ पात्रता, चाचणी घेण्याचा परवाना आणि तो काढून घेण्याचा अधिकार मात्र विभागाबाहेर असावा. आयुक्तांचे मंत्रालय वेगळे आहे, संस्था उभी आहे, गरज मनुष्यबळाची आणि कायद्यातील काही कलमांची आहे. रेल्वे कायदा दुरुस्तीसाठी नुकताच उघडला होता, तेव्हा ती कलमे घालता आली असती.

तूर्त उत्तर म्हणून ‘कवच’चे नाव घेतले जाते. दिल्लीहून मुंबईला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या मार्गावरील मथुरा-कोटा पट्ट्यात ते जुलै २०२५ मध्ये सुरूही झाले. चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर कवच गाडी थांबविते, आणि रंगापाणी वा बिलासपूरसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण कवचला सिग्नलची माहिती मिळते ती इंटरलॉकिंगकडूनच. बाहानग्याला इंटरलॉकिंगच मार्ग मोकळा असल्याचे सांगत होते. शिवाय रुळांतील टॅग, मनोरे, इंजिनातील संगणक अशी जी नवी सामग्री कवचबरोबर येते तिचीही देखभाल करणारे हात तेच आहेत, आणि त्यांना प्रमाणपत्र देणारेही तेच.

संसदेची रेल्वेविषयक स्थायी समिती दरवर्षी अनुदानाच्या मागण्या तपासते तेव्हा किलोमीटर आणि कोटी यांचे तक्ते तिच्यासमोर येतात. एका वर्षात सिग्नल आणि परिचालन खात्यांत किती जणांची सक्षमता तपासली गेली, किती जणांना प्रमाणपत्र नाकारले गेले, किती जणांचे काढून घेतले गेले, मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर किती जण कामावर आहेत आणि स्टेशन मास्तरांनी किती डिस्कनेक्शन मेमो परत पाठविले, हे तक्ते समितीला मागता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; नोंदवह्या प्रत्येक विभागीय कार्यालयात आहेत.